तीन लक्षांचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात बंगळूरच्या एका शाळेत भरलेल्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेस श्रोते म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. योग म्हणण्याचे कारण असे की, आमच्या शेजारी नुकतेच नागपूरहून बदलून आलेले एक गृहस्थ आहेत, हिशेबखात्यातले. त्यांची आठवीतली कन्या स्पर्धेत होती आणि गृहस्थांना एकटे जाण्याचा धीर होत नव्हता. मुलीला भीती नव्हती, बापाला होती. बदलीच्या नोकरीत वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांस ही भीती ठाऊक असते. शाळा नवी, भाषा नवी, मित्र नवे, आणि त्यात चारशे मुलांसमोर व्यासपीठावर बसणे.

स्पर्धा रंगली. आफ्रिकेतील नद्या झाल्या, नोबेल पारितोषिके झाली, क्रिकेट तर झालेच. मग प्रश्नकर्त्यांनी कार्ड उलटले आणि विचारले, ‘‘म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांनी बंगळूर शहर तीन लक्ष रुपयांस विकत घेतले. विकणारा कोण?’’

प्रश्न आमच्या शेजाऱ्यांच्या कन्येकडे होता. तिने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘‘व्यंकोजी राजे भोसले.’’

प्रश्नकर्त्यांनी कार्डाकडे पाहिले आणि मान हलवली. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला. तेथल्या एका कानडी मुलाने ‘‘मोगल सरदार कासिमखान’’ असे सांगितले, दहा गुण मिळवले, टाळ्या पडल्या. आमचे शेजारी आमच्या कानाशी लागून म्हणाले, ‘‘पाहिलंत? इथे मराठ्यांचं नाव घेतलं की ते चूकच ठरायचं!’’

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. परंतु घरी येऊन रात्री पुस्तके काढली, कारण मुलीचे उत्तर आम्हांसही बरोबरच वाटले होते आणि कार्ड लिहिणारा मनुष्य अडाणी असेल असेही वाटत नव्हते. पुस्तकांनी जे सांगितले ते शेजाऱ्यांच्या रागाला आणि कार्डाच्या खात्रीला सारखेच गैरसोयीचे होते.

बंगळूरचा किल्ला आणि पेठ वसवली केंपेगौडाने, १५३७ साली. हे येथल्या प्रत्येक मुलास पाठ असते आणि असावेही. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले. त्या मोहिमेत शहाजी राजे होते आणि पुढे बंगळूर त्यांच्याच जहागिरीत आले. येथे त्यांचा दरबार भरू लागला. जिजाबाई आणि बाल शिवाजी हेही काही काळ या नगरात राहून पुण्यास परतले. १६६४ च्या जानेवारीत, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजी राजांचा अंत झाला. त्यांची समाधी तेथेच आहे. जहागीर व्यंकोजीकडे, म्हणजे येथले लोक ज्यास एकोजी म्हणतात त्याच्याकडे, आली. त्याने सन १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्याचे चित्त कावेरीच्या मुखाकडे गेले. बंगळूर दूर राहिले.

मग दक्षिणदिग्विजयाच्या निमित्ताने शिवाजी महाराज १६७७ साली या भागात उतरले आणि दोघा भावांचा पित्याच्या दौलतीवरून वाद झाला. वादाची अखेर तहात झाली. त्या तहाची म्हणून जी कलमे मराठी साधनांत सांगितली जातात त्यांत एक कलम असे आहे की, ते वाचताना इतिहासाचे रुक्ष पान एकदम घरगुती होऊन जाते. बंगळूर, होसकोट आणि शिराळकोट हा मुलूख महाराजांनी व्यंकोजीची पत्नी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिला. दिराने भावजयीला काय द्यावे? कोणी खण देतो, कोणी बांगड्या भरतो. येथे दिराने बंगळूर दिले. भावजयीही सामान्य नव्हती. नवऱ्याला समजुतीच्या वाटेवर आणण्यात तिचा वाटा मोठा होता असे आपले इतिहासकार मानत आले आहेत.

तंजावराहून बंगळूर सांभाळणे कठीण होते. एकीकडून म्हैसूर वाढत होते, दुसरीकडून औरंगजेबाच्या फौजा विजापूर गिळून खाली सरकत होत्या. तेव्हा एकोजीने हे ठाणे चिक्कदेवराजास तीन लक्षांना विकण्याचा व्यवहार ठरवला. तो पुरा होण्याआधीच १६८७ च्या जुलैत कासिमखान येऊन थडकला आणि किल्ल्यावर मोगल निशाण चढले. पुढे कासिमखानाने तेच ठाणे त्याच किमतीस म्हैसूरकरांच्या हवाली केले. मार्क विल्क्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण हिंदुस्थानचा जो इतिहास लिहिला त्यात ही हकीकत आहे, आणि कार्डावरील प्रश्नाचा झरा बहुधा तिथूनच वाहत आलेला आहे.

आता विकणारा कोण? सौदा एकोजीचा, कबजा कासिमखानाने दिला, आणि तहाचे कलम प्रमाण मानले तर मालकीण दीपाबाई! कार्डावर एकाच नावापुरती जागा होती. आमच्या शेजाऱ्यांना त्यात मराठ्यांचा द्वेष दिसला. आम्हांस जागेची टंचाई दिसली. मराठी मुलगी ज्या पुस्तकावर वाढली त्यात शहाजी राजे कर्नाटकात गेले की कथा पुण्याच्या डोंगरांत परतते. कानडी मुलगा ज्या कथेवर वाढला तीत केंपेगौडानंतर लवकरच चिक्कदेवराज येतो. मधली एकोणपन्नास वर्षे दोन्ही घरांच्या उंबरठ्याबाहेर उभी आहेत. ती विचारायची कोणी?

येथे आम्हांस ‘क्विझ’ या खेळाविषयीच थोडे लिहावेसे वाटते, कारण बंगळूरात राहून त्याकडे पाठ फिरवणे म्हणजे पुण्यात राहून व्याख्यानमालेकडे पाठ फिरवण्यासारखे आहे. शब्दाच्या जन्माची एक कथा सांगतात: डब्लिनच्या एका नाटकमंडळीच्या चालकाने पैज मारून एका रात्रीत हा निरर्थक शब्द शहरभर भिंतींवर लिहवला. कथा गोड आहे, पण त्या पैजेच्या सांगितल्या जाणाऱ्या सालाआधीच हा शब्द लिखाणात सापडतो. म्हणजे प्रश्नांच्या खेळाचे नावच एका चुकीच्या उत्तराने प्रसिद्ध झाले आहे. आपल्या देशात या खेळाची पद्धतशीर सुरुवात कलकत्त्यास नील ओब्रायन यांनी १९६७ साली केली. १९७२ पासून बोर्नव्हिटाची स्पर्धा आली. प्रथम हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी यांचा आवाज आकाशवाणीवरून घरोघर पोहोचला. आमच्या वाचकांपैकी जे आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्या लहानपणीच्या रविवारांत तो आवाज असेलच. सरकारी वसाहतीतल्या एका रेडिओभोवती बंगाली, तमिळ, पंजाबी आणि मराठी मुले बसत आणि उत्तर ज्याला आधी सुचेल तो ओरडे. त्या ओरडण्याला प्रांत नव्हता.

बंगळूरात १९८३ साली कर्नाटक क्विझ असोसिएशन स्थापन झाली. विंग कमांडर जी. आर. मुल्की हे तिचे आद्य पुरुष, वायुदलातले अधिकारी. क्वीन्स रोडवरील कृषितंत्रज्ञांच्या संस्थेच्या सभागृहात या मंडळींच्या बैठका भरत आल्या. आम्ही दोनतीनदा जाऊन मागे बसलो आहोत. तेथे शाळकरी मुलापासून पांढऱ्या केसांच्या गृहस्थापर्यंत सारे एकाच रांगेत असतात आणि कोणाचा हुद्दा कोणी विचारीत नाही. ज्यांचे आयुष्य हुद्द्यांच्या पाट्यांखाली गेले त्यांस हे पाहून फार बरे वाटते. या शहराच्या प्रश्नांची एक विशिष्ट घडण आहे. राजधानी कोणती, साल कोणते, असा सरळ प्रश्न येथील जाणती मंडळी कमीच विचारतात. चार ओळींचा प्रश्न, त्यात तीन धागे, आणि उत्तर ठाऊक नसले तरी धागे जुळवून ते काढता यावे अशी योजना. अशा प्रश्नात हरणारासुद्धा काहीतरी घेऊन घरी जातो.

शाळांच्या स्पर्धांत मात्र हे क्वचित साधते. वेळ थोडा, संघ पुष्कळ, आणि गुण देणाऱ्याला वाद नको असतो. त्यामुळे कार्डावर एक शब्द येतो. आम्ही प्रश्नकर्त्यांस दोष देत नाही. चारशे मुलांसमोर दीपाबाईची चोळीबांगडी सांगत बसणे कोणास जमेल?

कानडीत या खेळाला ‘रसप्रश्ने’ म्हणतात. आपण ‘प्रश्नमंजुषा’ म्हणतो. मंजुषा म्हणजे पेटी. आपण प्रश्न पेटीत बंद केले, कानडी बंधूंनी त्यांत रस पाहिला. शब्दांवरून फार अनुमाने काढू नयेत हे आम्ही जाणतो, तरी हा फरक मनातून जात नाही. बंगळूर दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर २००२ साली डॉ. ना. सोमेश्वर यांनी ‘थट् अंत हेळि’, म्हणजे ‘चटकन सांगा’, हा कार्यक्रम सुरू केला आणि त्याचे हजारो भाग झाले. सोमेश्वर व्यवसायाने वैद्य. बरोबर उत्तराला बक्षीस पैशाचे नव्हे, पुस्तकाचे. करोडोंच्या आमिषाने प्रश्न विचारणारे कार्यक्रम आपण मराठीत आणि हिंदीत पाहिले. त्यांपुढे हा पुस्तके वाटणारा वैद्य आम्हांस अधिक श्रीमंत वाटतो. २००० सालापासून महानगरांबाहेरच्या शाळांतील मुलांसाठी कर्नाटक शासन आणि टाटांची कंपनी मिळून संगणकविषयक स्पर्धा घेऊ लागले, हेही सांगितले पाहिजे. खेड्यातल्या मुलास कानडीत प्रश्न विचारला जातो आणि तो उत्तर देतो, तेव्हा सामान्यज्ञान ही इंग्रजी शाळांची मिरास नाही हे सहज दिसते.

पण या साऱ्यापूर्वी, सुमारे साडेतीनशे वर्षांमागे, याच नगरात प्रश्नांचा एक दरबार भरत होता, आणि त्याची हकीकत मराठी माणसाच्या हाती आहे. शहाजी राजांची कीर्ती ऐकून नाशिककडचा जयराम पिंड्ये नावाचा कवी त्यांच्याकडे आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. बारा कशासाठी, असे विचारता त्याने सांगितले की, आपण बारा भाषांत कविता करतो. संस्कृत-प्राकृतापासून गुजराती, पंजाबी आणि हिंदुस्थानीपर्यंत त्या भाषा होत्या, आणि कानडीही होती. मग परीक्षा सुरू झाली. दरबारी मंडळींनी, आणि स्वतः राजांनीही, त्याला समस्या घातल्या. समस्या म्हणजे श्लोकाचा एक चरण द्यायचा आणि बाकीचे तीन कवीने तत्क्षणी रचून अर्थ जुळवायचा. जयरामाने ते सारे आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’त नोंदले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती चंपू १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली.

समस्येचे उत्तर कार्डावर लिहिलेले नसते. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. एकाच चरणाला दहा कवींनी दहा पूर्ती केल्या तर दहाही बरोबर असू शकतात, फक्त काही अधिक सुंदर. क्वीन्स रोडवरील मंडळींचे चार ओळींचे प्रश्न या जुन्या समस्येचे दूरचे भाचे आहेत, असे आमचे आपले मत.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो आणि सारा वृत्तांत त्यांच्या पुढ्यात ठेवला. गृहस्थ ऐकत होते, पण पुरते निवले नव्हते. ‘‘म्हणजे आमची पोरगी अर्धी तरी बरोबर होती की नाही?’’ त्यांनी विचारले. अर्धी होती, आम्ही म्हणालो. आणि तो कानडी मुलगाही अर्धाच. कन्या मध्येच म्हणाली, ‘‘काका, तो मुलगा मल्लेश्वरमला राहतो. स्पर्धा संपल्यावर तो मला सांगत होता की, त्यांच्या काडू मल्लेश्वराच्या देवळाला एकोजीनं गाव दिलं होतं.’’ मुलाचे म्हणणे खरे होते. १६६९ च्या शिलालेखात त्या देवस्थानास एकोजीने मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे, आणि त्याच देवावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगनंतर वसलेल्या त्या उपनगराचे नाव मल्लेश्वरम पडले. कासिमखानाचे नाव घेऊन दहा गुण मिळवणाऱ्या मुलाला एकोजी ठाऊक होता. त्याला तो कोणी विचारला नव्हता, इतकेच. हे ऐकून शेजारी गप्प झाले. मग पत्नीला हाक मारून त्यांनी चहा मागवला.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीतल्या मुलांसाठी एक छोटी स्पर्धा ठेवण्याचे ठरले आणि प्रश्न काढण्याचे काम त्या मुलीने हट्टाने घेतले. परवा तिने कार्डांचा गठ्ठा आम्हांस तपासण्यास दिला. एका कार्डावर प्रश्न होता: दिराने भावजयीस चोळीबांगडीसाठी दिलेले हे शहर पुढे तीन लक्षांस विकले गेले, शहर कोणते, आणि ते विकणारे कोण कोण? खाली उत्तराच्या जागी तिने शहराचे नाव लिहून पुढे तीन नावे घातली होती, दीपाबाईचे सर्वांत वर, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने आम्हांस विचारले होते: ‘‘काका, प्रत्येकाला किती गुण ठेवू?’’