ढालीवरची किल्ली, कागदावरची मुद्रा

औंधचा ब्रेमेन चौक पुणेकरांना पत्ता सांगायच्या कामी येतो, पण ज्या जर्मन शहराचं हे नाव, त्याची ढाल फार थोड्यांनी पाहिलेली असते. तांबड्या ढालीवर तिरकी रुपेरी किल्ली. ही किल्ली संत पीटरची. तो तिथल्या मुख्य चर्चचा रक्षक संत. हॅम्बुर्गच्या चिन्हात वेस आहे. म्हणून ब्रेमेनकर म्हणतात, हॅम्बुर्ग जगाची वेस असेल, पण तिची किल्ली आमच्याकडे!

अशा चिन्हाला जर्मन भाषेत 'वापन' म्हणतात. मूळ अर्थ शस्त्र. शस्त्राला आज तिथे 'वाफं' म्हणतात, तो याचाच भाऊ. शिरस्त्राण चढवलं की माणूस ओळखू येईना, मग ओळखीची खूण ढालीवर रंगवली गेली.

मराठी राज्यात सत्तेची ओळख पटायची ती मुख्यतः कागदावर. १६४६ चं रांझे गावच्या पाटलासंबंधीचं पत्र घ्या. त्यावर शिवरायांची संस्कृत मुद्रा आहे, काळ फारसीच्या दबदब्याचा असूनही. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला की तिथेच मोर्तब, ही रीत. शिवरायांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं, पेशवाईत 'लेखनसीमा'. इथे लेखन संपलं. यापुढे कुणी एक ओळ घुसडली तर ती खोटी. या दोन ठशांमधूनच 'शिक्कामोर्तब' हा आपला जोडशब्द आला, आणि आज लग्नाच्या बैठकीतही तो सहज तोंडी येतो.

'मोर्तब' अरबी 'मुरत्तब'वरून, म्हणजे नीट रचलेलं. 'शिक्का'ही अरबीच, 'सिक्का' हा आधी नाणं पाडायचा ठसा, मग नाणं. तोच शब्द इटलीत टांकसाळीचं नाव झाला, तिथून एका सोन्याच्या नाण्याचं, आणि शेवटी लक्ष्मी रोडवरच्या साड्यांवर चमकणाऱ्या 'सिक्विन' टिकल्यांचं. केवढा हा प्रवास!

'मुद्रा' मात्र संस्कृत, आणि मला सर्वांत जवळची. ठसा, अंगठी, नाणं, नृत्यातला हस्त, छापखान्यातलं मुद्रण, एवढं सगळं तिच्या पोटात आहे. शिवाय मराठीत मुद्रा म्हणजे चेहरा. प्रसन्न मुद्रेने स्वागत करतो आपण. झाकलेल्या चेहऱ्याऐवजी ढालीवर खूण आली, हे युरोपातलं सगळं प्रकरण या एका शब्दात आधीच बसतं. म्हणून शहराच्या अशा चिन्हाला 'बोधचिन्ह' म्हणणं मला अपुरं वाटतं. बोधचिन्ह स्पर्धेचं असावं, संमेलनाचं असावं. ब्रेमेनच्या किल्लीला 'नगरमुद्रा' म्हणावं.