मुलांच्या खोलीसाठी पहिला स्टिरिओ : ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवा

धामणगाव रेल्वेसारख्या गावात मुलासाठी गाण्याचा सेट घ्यायला गेलं की दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती वॉटचा पाहिजे भाऊ?’ मग मोठ्यातला मोठा डबा पुढे येतो, लग्नातलं एखादं गाणं लागतं, आवाज शेवटपर्यंत जातो. काउंटरची काच थरथरते, पोट्टं खूश होतं आणि वडील पाकीट काढतात.

घरी आल्यावर तोच डबा दहा बाय दहाच्या खोलीत वाजतो. शेजारी भिंत, भिंतीपलीकडे आजी-आजोबा. दोन दिवसांत ‘आवाज कमी कर’ सुरू होतं आणि महिनाभरात डबा कपाटावर जातो. पैसे गेले ते गेलेच. पण यात आणखी एक नुकसान आहे, जे पटकन दिसत नाही. ते मुलाच्या कानांचं.

एका वॉटमध्ये किती आवाज होतो?

स्पीकर किती जोरात वाजणार हे फक्त वॉटवर ठरत नाही. त्याची ‘सेन्सिटिव्हिटी’ महत्त्वाची असते. एक वॉट वीज दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, याचं ते माप. टेबलावर मावणाऱ्या लहान स्पीकरमध्ये ते साधारण ८० ते ८५ डेसिबल असतं. म्हणजे एका वॉटमध्येच मुलाच्या खोलीला पुरून उरेल इतका आवाज होतो. रोज गाणी ऐकताना तर एक वॉटही लागत नाही.

आता गंमत बघा. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आपल्या कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. १० वॉटचा सेट सोडून २० वॉटचा घेतला तर फरक जेमतेम जाणवेल.

खोक्यावर ‘PMPO’ म्हणजे पीएमपीओ लिहून हजारो वॉट छापले असतील तर तो आकडा सरळ विसरा. तो कसा मोजायचा याचं कोणतंही ठरलेलं मानक नाही. बघायचा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे स्पीकर सतत किती वॉट पेलू शकतो त्याचा. मुलाच्या खोलीला दोन्ही बाजू मिळून १० ते २० वॉट आरएमएस म्हणजे चैन आहे.

कानाचा हिशोब आठवड्याचा असतो

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित ऐकण्याची मर्यादा ठरवली आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. ही मर्यादा मोबाइल-हेडफोनसाठी आखली आहे, पण कानाला आवाज कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं.

इथेही तो ३ डेसिबलचा नियम येतो, फक्त उलटा. आवाज ३ डेसिबल वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ७५ ला ४० तास, ७८ ला २०, ८१ ला १०, ८४ ला ५. आवाज ९० वर गेला तर अख्ख्या आठवड्याचा कोटा सव्वा तासात संपतो. दुकानात काच थरथरवणारा आवाज याच्याही वर असतो.

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहिरेपण हळूहळू येतं, दुखत नाही, म्हणून मूल तक्रारही करत नाही.

घरच्या घरी तपासायची सोपी खूण : मूल गाणी ऐकत असताना हातभर अंतरावरून त्याच्याशी बोला. नेहमीच्या आवाजात बोललेलं कळत नसेल, ओरडावं लागत असेल, तर आवाज जास्त आहे. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲप अंदाजापुरती वापरता येतात, पण त्यांचा आकडा काटेकोर नसतो. उशीजवळ मोबाइल ठेवून ६५ ते ७० च्या आसपास दिसलं की बस.

आवाजाची फिरती कळ असलेला सेट घेतला तर आणखी एक करता येतं. योग्य जागा सापडली की कळीवर आणि डब्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ‘ठिपक्याच्या पुढे नाही’ हा नियम सात वर्षांच्या मुलालाही कळतो.

आणि मग येतो कूलर

वऱ्हाडात हा मुद्दा वगळून चालणार नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, खिडकीत कूलर घरघरतो आणि त्या घरघरीत गाण्याचे शब्द बुडतात. मूल काय करतं? आवाज वाढवतं. कूलर बंद झाला तरी आवाज तिथेच राहतो. रुळांजवळच्या घरांत गाडी जाताना हेच होतं.

यावर उपाय जास्त वॉट नाही, कमी अंतर हा आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा फरक पडत नाही, तरी बराच पडतो. स्पीकर कूलरच्या समोरच्या भिंतीवर न ठेवता मुलाच्या टेबलावर, त्याच्यापासून तीन फुटांवर ठेवले की कळ न फिरवता शब्द कळू लागतात. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ओलावा आत जातो.

स्टिरिओ म्हणजे दोन

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती. आपल्याला दोन कान आहेत, तर आवाजही दोन जागांवरून यावा. तबला डावीकडे, बासरी उजवीकडे, गाणारा मधोमध. हे ऐकू यायचं तर दोन स्पीकरमध्ये अंतर हवं.

एकाच डब्यातल्या ब्लूटूथ स्पीकरवर ‘स्टिरिओ’ लिहिलेलं असतं, पण आतले दोन स्पीकर वीतभर अंतरावर असतात. दोन मीटरवर बसलेल्याला ते एकच वाटतं. अनेक लहान डबे तर मोनोच असतात. एकाच मॉडेलचे दोन डबे जोडून डावा-उजवा करण्याची सोय काही ब्लूटूथ स्पीकरमध्ये असते. ती आहे का, हे दुकानात विचारून घ्या.

मांडणीला फार डोकं लागत नाही. दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर, साधारण तितकंच त्यांचं मुलाच्या कानापासून. तीन फूट आणि तीन फूट. स्पीकरची तोंडं कानाच्या उंचीला. कोपऱ्यात ढकलले की ढम्म-ढम्म वाढते, म्हणून भिंतीपासून थोडे पुढे. वायर लाल-काळी वेगळी जोडायची असेल तर दोन्हीकडे सारखीच जोडा. एकीकडे उलटी झाली तर ढोलाचा आवाज पोकळ होतो आणि गाणारा कुठे उभा आहे तेच कळत नाही.

पन्नास-साठच्या दशकातली गाणी मोनोमध्येच ध्वनिमुद्रित झालेली आहेत. आजोबांच्या आवडीच्या गाण्यात डावं-उजवं ऐकू आलं नाही तर सेट खराब नाही.

मग घ्यायचा कोणता?

सात-आठ वर्षांपुढच्या मुलाच्या पहिल्या सेटसाठी सगळ्यात शहाणपणाची निवड म्हणजे टू-पॉइंट-झिरो, म्हणजे दोनच डबे असलेले, प्लगवर चालणारे स्पीकर. अगदी साधे, संगणकाला जोडायचे हजार रुपयांच्या आतही मिळतात. लाकडी डब्यांचे, ब्लूटूथ असलेले चांगले सेट काही हजारांपासून सुरू होतात. ऑक्सची गोल पिन आणि फिरती कळ दोन्हीत बघा.

टू-पॉइंट-वन, म्हणजे खाली वेगळा सबवूफर असलेला सेट गावात सर्रास विकला जातो. तो बैठकीत ठीक आहे. जाड आवाज भिंत सहज ओलांडतो आणि आजोबांच्या खाटेखाली जाऊन वाजतो. केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्या.

अनेक आई-वडिलांचा खरा हेतू वेगळाच असतो : मुलाच्या हातातला मोबाइल सुटावा. ब्लूटूथ सेट घेतला तर गाणं लावायला मोबाइल लागतोच. त्यामुळे पेन ड्राइव्ह आणि एफएम रेडिओ असलेला सेट जास्त कामाचा. सारेगामाचा कारवां २०१७ मध्ये आला तेव्हा ५,००० गाणी आधीच भरलेली आणि स्क्रीनवर बोटं फिरवायची गरज नाही, हीच त्याची ओळख होती. पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घ्या. त्याहून मोठे बहुधा एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि स्वस्त सेट ते वाचत नाहीत.

रिमोटमधली चपटी बॅटरी

लहान सेटच्या रिमोटमध्ये नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर हा सगळ्यात मोठा धोका. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर रिमोट मुलाच्या खोलीत नकोच.

बॅटरीवरचा ब्लूटूथ डबा उन्हाळ्यात खिडकीत ठेवू नका, लिथियम बॅटरी उन्हाने लवकर मरते आणि फुगूही शकते. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग काढा. ॲडॉप्टर आणि ब्लूटूथ स्पीकर दोन्हींवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘R’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

दुकानात जाताना मुलाला रोज ऐकायला आवडणारं गाणं सोबत न्या आणि ते मंद आवाजात लावायला सांगा. कमी आवाजातही शब्द स्पष्ट आले तर सेट चांगला. शेवटपर्यंत आवाज नेऊन सगळेच डबे भारी वाटतात. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या गावाचा पिन कोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठे निघतं ते बघा. ते अमरावती किंवा नागपूरला निघालं, तर ऑक्सची पिन आणि साध्या वायरीचा सेट घेतलेला बरा. तो बिघडला तर गावातला रेडिओ दुरुस्त करणाराही उघडून बघू शकतो.