यंत्राआधीचा फेस

कॉफीवरचा फेस ही यंत्राचीच करणी, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. आमच्या कचेरीतली तरुण मंडळी पणजीतल्या कॅफेत भरपूर पैसे मोजून येतात आणि ‘तसली कॉफी घरी होणे नाही’ असे ठासून सांगतात. मला ते पटत नाही.

मिलानच्या लुइजी बेझेराने एस्प्रेसो यंत्राचे पेटंट घेतले ते १९०१ साली. देसिदेरिओ पावोनीने ते विकत घेऊन यंत्रे बाजारात आणली, आणि वाफेच्या नळीने दूध फुलवणे त्यानंतर रूढ झाले. म्हणजे सारा प्रकार जेमतेम सव्वाशे वर्षांचा. फेस मात्र कितीतरी जुना. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया लोकांचे एक चित्रित भांडे आहे, साधारण आठव्या शतकाच्या आसपासचे. त्यावर एक स्त्री उभ्याने एका भांड्यातले कोकोचे पेय खालच्या भांड्यात ओतते आहे. कशासाठी? फेस यावा म्हणून! १५१९ साली स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, आणि त्यांच्या अमलात तिथे ओतण्याच्या जागी लाकडी ‘मोलिनियो’ आला. त्याचे चित्र पाहिले तेव्हा मला हसूच आले. ही तर आपली ताकाची रवी! फक्त दोरी न लावता दोन तळव्यांत धरून फिरवायची.

ओतण्याची विद्या दक्षिण भारतातही आहे. डवरा आणि टंबलर यांच्यात हातभर उंचीवरून कॉफी खालीवर केली की साखर विरघळते, कॉफी निवते आणि फेसही चढतो. पण मित्रहो, या सुंदर भांड्याला सोवळ्याचाही वास आहे. टंबलरची बाहेर वळलेली कड ओठ न लावता पिण्याच्या सोयीची. मद्रासेत कॉफीच्या हॉटेलांवर ‘ब्राह्मण’ अशी पाटी असे आणि त्या पाटीविरुद्ध पेरियारांना १९५७ साली, म्हणजे स्वातंत्र्याला दहा वर्षे झाल्यावर, आंदोलन करावे लागले. फिल्टर कॉफीचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे सहसा सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

२०२० च्या टाळेबंदीत गाजलेली ‘दालगोना’ कॉफीही यंत्राविनाच. एका कोरियन नटाने ती मकावमध्ये प्यायली आणि तिथून ती जगभर झाली. मकाव १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, आपल्याहून ३८ वर्षे जास्त. पण म्हणून फेसाचे श्रेय त्यांना द्यायची घाई नको. कॉफीची पूड आणि साखर चमच्याने फेटणे आपल्या घरांत त्याआधीपासून आहेच.

असो. घरी करून पाहायचे तर दूध तापवून साय काढावी; साईने फेस लवकर बसतो. बोट क्षणभरच टिकेल इतके निवले की उभट भांड्यात अर्ध्यापर्यंत घेऊन रवी पृष्ठभागालगत, हवा आत जाईल अशी, मिनिटभर घुसळावी. दुधातली प्रथिने बुडबुडे धरून ठेवतात. रवी नसेल तर थंड दूध झाकणाच्या भरणीत अर्धा मिनिट जोरात हलवावे आणि मग तापवावे. गरम दूध मात्र भरणीत कोंडून हलवू नये. वाफेने झाकण उडते आणि हात भाजतो.