कॅला लिली : लग्नाच्या गुच्छातले फूल, कुळ मात्र अळूचे

लग्नसराईत नवरीच्या हातातल्या गुच्छात किंवा रिसेप्शनच्या स्टेजवर लांब देठाचे, पांढऱ्या शंखासारखे एक फूल दिसते. ती कॅला लिली. नावात लिली असली तरी ती लिलीच्या कुळातली नाही. आपल्या परसातला अळू आणि सुरण हे तिचे खरे भाऊबंद.

ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेतली, तिथल्या ओढ्याकाठच्या पाणथळ जागेतली. 1753 मध्ये लिनियसने तिला ‘कॅला’ वंशात घातले. पुढे 1826 मध्ये स्प्रेंगेलने तिच्यासाठी ‘झांटेडेशिया’ हा वेगळा वंश केला. बाजारात मात्र जुनेच नाव राहिले.

आपण जिला पाकळी म्हणतो, ते खरे तर रूप बदललेले पान. शास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले अगदी बारीक, मधल्या पिवळ्या दांड्यावर दाटीने बसलेली. पाकळ्याच नसल्याने त्या गळण्याचा प्रश्न येत नाही. म्हणूनच सजावटीला हे फूल सोयीचे पडते. पिवळे, गुलाबी, जांभळे प्रकार याच वंशातल्या दुसऱ्या जातींच्या संकरातून आलेले आहेत.

हार किंवा वेणीसाठी मात्र हे फूल कामाचे नाही. देठ जाड आणि रसाळ, सुवासही नसल्यासारखाच. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत नवरी हातात गुच्छ धरते, तशा ठिकाणी ते शोभते. पाच-सात देठ एकत्र बांधले तरी गुच्छ भरतो.

फुलदाणीत दोन-तीन बोटे पाणी पुरे. जास्त पाण्यात देठ कुजतो. पाणी रोज बदलावे. देठाचे टोक फाटून वळते, तिथे चिकटपट्टी गुंडाळावी. पांढऱ्या भागाला बोटे लावू नयेत, दाबले की तपकिरी डाग पडतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे फूल केकवर किंवा जेवणाच्या ताटात ठेवू नये. अळू चिरताना हात खाजतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक या झाडाच्या सगळ्या भागांत असतात. अळू आपण शिजवून, चिंच घालून खातो. हे फूल तर कच्चेच समोर असते. लहान मुलाने चावले तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजते. अशा वेळी तोंड धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. घरात कुत्रा-मांजर असेल तर फुलदाणी उंचावर ठेवलेली बरी.