दाणेदार चेहरे : वऱ्हाडातील कृष्णधवल छायाचित्रांचा इतिहास

३० डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातील सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, त्याच्या दोन प्रमुख पक्षांपैकी दौलतराव १८२७ मध्ये, म्हणजे छायाचित्रणाची कला जगापुढे येण्याच्या बारा वर्षे आधी निवर्तले, तर कंपनीच्या बाजूने तह करणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन इतका दीर्घकाळ जगला की १८४४ मध्ये लंडनमध्ये आंत्वान क्लोदे याने त्याचा डागेरोटाइप घेतला. डागेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटवलेली प्रतिमा. तिची दुसरी प्रत निघत नसे, पण तिच्यातला बारकावा असा की भिंगाखाली धरली तरी ती विस्कटत नाही. जुने छायाचित्र म्हणजे खरबरीत, दाणेदार छायाचित्र, हा आज रूढ झालेला समज या पहिल्याच टप्प्यावर चुकीचा ठरतो.

दाणा म्हणजे काय, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो, त्यांचे डेव्हलपर नावाच्या रसायनात काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर होते आणि उरलेले, प्रकाश न लागलेले स्फटिक हायपो नावाच्या रसायनाच्या द्रावणात विरघळून निघून जातात. कमी उजेडात काम करणाऱ्या ‘फास्ट’ फिल्ममधले स्फटिक मोठे असतात, आणि चांदीच्या कणांचे पुंजके प्रतिमा वाढवल्यावर डोळ्यांना दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओत निगेटिव्हची काच जेवढी, तेवढाच कागदी फोटो निघे. प्रतिमा वाढवण्याचा प्रश्नच नसल्याने दाणाही दिसत नसे. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे हौशी छायाचित्रकार होते. त्यांच्या काळातील छायाचित्रांची गुळगुळीत स्वच्छता नंतरच्या शंभर वर्षांतील सामान्य घरगुती फोटोंना क्वचितच लाभली.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला मोठा भाव मिळाला, आणि १९१३ मध्ये मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू होऊन तहाचे तेच अंजनगाव तिच्यावरचे एक स्थानक झाले. तरीही छायाचित्र दीर्घकाळ ऐपतवाल्यांच्या दिवाणखान्यापुरतेच राहिले. पानमळ्यात राबणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या माणसाला स्टुडिओत जाऊन बसण्याचे कारणही नव्हते आणि तेवढे पैसेही नव्हते. त्यात फोटो काढल्याने आयुष्य घटते हा समज होता, आणि स्त्रियांनी परक्या पुरुषासमोर कॅमेऱ्याकडे पाहत बसणे अनेक घरांत मान्य नव्हते. परिणामी पुष्कळ घरांत आजोबांचा फोटो नसे, पण संतांचा असे. अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी निवर्तलेले गाडगे महाराज फाटक्या वस्त्रांतील, दाढी वाढलेल्या कृष्णधवल रूपातच पुढच्या पिढ्यांना ठाऊक आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. भारतात तयार होणाऱ्या आगफा क्लिक-३ सारख्या साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या रोलवर सहा सेंटिमीटर चौरसाचे बारा फोटो निघत. उदकमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू होऊन ‘इंदू’ या देशी नावाची फिल्म बाजारात आली. लग्नाचा एखादा समूह-फोटो, अर्जासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो, जत्रेतील रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहून काढलेला फोटो, अशा वाटांनी सामान्य माणूस आयुष्यात एकदा-दोनदा कॅमेऱ्यासमोर आला.

खरा दाणा मात्र मृत्यूनंतर उमटला. वऱ्हाडात तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवसाच्या विधीला, हार घालण्यासाठी फोटो लागतो. तो वेगळा काढलेला नसेल तर घरात सापडेल तो फोटो घेऊन स्टुडिओ गाठावा लागे. समूह-फोटोची मूळ निगेटिव्ह बहुधा हाती नसे, म्हणून छायाचित्रकार त्या कागदी फोटोचाच पुन्हा फोटो घेई, त्यातला एक चेहरा निवडून एन्लार्जर या प्रतिमा मोठी करणाऱ्या यंत्राखाली वाढवी आणि ब्रोमाइड कागदावर उतरवी. सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हवर पंधरा-वीस माणसे उभी असतील तर एकेक चेहरा तीन-चार मिलिमीटरचाच असतो; तो भिंतीवर शोभेल असा दहा-बारा सेंटिमीटरचा करायचा म्हणजे सुमारे तीस पट वाढवणे आले. मूळ फिल्मचा दाणा, कागदाचा पोत आणि दुसऱ्या फिल्मचा दाणा असे तीन थर त्या चेहऱ्यावर चढत. शेजारच्या माणसाचा खांदा काळ्या शाईने पुसला जाई, पार्श्वभूमी धूसर केली जाई, डोळ्यांच्या कडा टचिंगच्या पेन्सिलीने पुन्हा रेखल्या जात, आणि क्वचित कुंकू व दागिने ब्रशने रंगवले जात. ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे तांबडा रंग न ओळखणाऱ्या, फिल्मवर काढलेल्या जुन्या फोटोंत लाल कुंकू काळेच उमटत असे. रंगवणारा त्याला त्याचा रंग परत देत असे.

दाणा हा काळाचा नव्हे, तर प्रसाराचा पुरावा आहे. श्रीमंतांच्या काचेवरील प्रतिमा नितळ आहेत, आणि ज्यांच्या वाट्याला आयुष्यात एकच फोटो आला त्यांच्या प्रतिमा खरबरीत आहेत. कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म १९५४ मध्ये ३५ मिलिमीटरच्या रूपात आल्यावर जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांनी व कलावंतांनी तिचा दाणा मुद्दाम जोपासून शैली बनवला, आणि आजही डिजिटल छायाचित्रांवर तो कृत्रिमपणे शिंपडला जातो. अंजनगावसारख्या तालुक्याच्या गावी तो कोणी निवडलेला नव्हता. तरीही त्याचे आकर्षण शिकलेल्या रसिकाला आणि घरच्या माणसाला सारखेच का वाटते, याचे एक उत्तर असे की दाणेदार प्रतिमेत त्वचेचा व कापडाचा तपशील हरवतो, पण डोळे, कपाळ, जबड्याची ठेवण आणि उभे राहण्याची ढब टिकते, आणि पाहणाऱ्याची आठवण उरलेले भरून काढते. ज्याने त्या माणसाला पाहिलेच नाही त्याला मात्र तोच फोटो अपुरा वाटतो. दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे: दुसरा फोटोच नसतो. रंगीत फोटोंच्या ढिगातून एक निवडणे आणि एकुलत्या एका प्रतिमेला निवडीशिवाय स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकर्षणाचा मोठा भाग या दुसऱ्या गोष्टीतून आलेला आहे.

आता हे फोटो मोबाइलवर घेऊन सॉफ्टवेअरने ‘साफ’ केले जातात. असे सॉफ्टवेअर दाणे पुसते तेव्हा त्यांच्या जागी जी त्वचा येते ती त्या माणसाची नसते, यंत्राने अंदाजाने बनवलेली असते. टचिंग करणारा कारागीरही अंदाज करीत असे, पण त्याच्या पेन्सिलीची रेघ ओळखू येत असे आणि खालचा मूळ फोटो बहुधा घरातच राहत असे. म्हणून ज्या घरांत असा फोटो आहे, त्यांनी नवी प्रत अवश्य करावी, पण मूळ कागद फेकू नये, त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावे, ओल धरणाऱ्या भिंतीवरून तो उतरवून कोरड्या जागी ठेवावा, आणि समूह-फोटो सापडल्यास त्यातील इतर चेहऱ्यांची नावे ती सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्यावीत.