क्रेडिट कार्डावरील बक्षिसे व स्वस्त फोन योजना : बचतीचा हिशेब

क्रेडिट कार्डावर मिळणारे रिवॉर्ड पॉइंट अथवा कॅशबॅक आणि मोबाईल फोनच्या कमी दराच्या योजना, हे घरखर्चात बचत करण्याचे दोन मार्ग भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबांत आता रूढ झाले आहेत. दोहोंची जाहिरात सारख्याच आकर्षक शब्दांत केली जाते. मात्र फोनवरील बचत बहुतांशी निश्चित स्वरूपाची असते, तर कार्डावरील बचत एका अटीवर अवलंबून असते. दरमहा संपूर्ण बिल मुदतीत चुकते करणे, ही ती अट होय.

कार्डावरील बक्षीस बँक स्वतःच्या पदरचे देत नाही. ग्राहकाने दुकानात कार्डाने शंभर रुपये दिले, तरी दुकानदाराच्या खात्यात ती पूर्ण रक्कम जमा होत नाही. व्यापारी सवलत दर, अर्थात एमडीआर, या नावाने त्यातून काही हिस्सा कापला जातो व तो प्रामुख्याने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. या उत्पन्नातून आणि थकबाकीदारांनी भरलेल्या व्याजातून बक्षिसांचा खर्च भागतो. वेळेवर पैसे भरणाऱ्याचे पॉइंट काही अंशी उशिरा भरणाऱ्याच्या खिशातून येतात, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पॉइंटची संख्या पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. त्याचे रुपयांतील मूल्य पाहावे. शंभर रुपयांच्या खरेदीवर एक पॉइंट आणि पॉइंटचे मूल्य पंचवीस पैसे असल्यास प्रत्यक्ष परतावा केवळ पाव टक्का होतो. याउलट समजा, एखाद्या कार्डावर सरसकट एक टक्का कॅशबॅक आहे आणि कुटुंबाचा त्यावरील मासिक खर्च १०,००० रुपये आहे. वर्षाला १,२०० रुपये परत मिळतील. कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये असल्यास १८ टक्के वस्तू व सेवा करासह ५९० रुपये वजा होऊन ६१० रुपये उरतात. आता एका महिन्याचे १०,००० रुपये थकले आणि व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के असला, तर ३५० रुपये व्याज व त्यावरील ६३ रुपये कर मिळून ४१३ रुपये जातात. वर्षातून दोनदा असे घडल्यास बचत संपून २१६ रुपयांचा तोटाच पदरी पडतो. शिवाय व्याजाची आकारणी सहसा खरेदीच्या तारखेपासून होते आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बिलावर ठळकपणे छापलेली किमान देय रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. अनेक ग्राहकांची गफलत नेमकी येथेच होते.

व्याजाच्या दराला मर्यादा घालण्याचा एक प्रयत्न झाला होता. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ सालच्या निर्देशांनी मात्र ग्राहकाला काही संरक्षण दिले. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक विलंब झाल्यासच विलंब शुल्क आकारता येते. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न झाल्यास बँकेने ग्राहकाला प्रतिदिन ५०० रुपये द्यावयाचे असतात.

फोनची कथा निराळी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिला मोबाईल संवाद साधला. त्या काळी येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले, तर २०१६ साली जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले. तथापि जुलै २०२४ मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी दर वाढविल्यानंतर काटकसरीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

येथे पहिला हिशेब दिवसांचा आहे. २८ दिवसांची योजना वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा घ्यावी लागते. २९९ रुपयांची योजना गृहीत धरल्यास वर्षाचे ३,५८८ नव्हे, तर ३,८८७ रुपये होतात. याविषयीच्या तक्रारींनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अर्थात ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची किमान एक योजना आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी किमान एक योजना देणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल व एसएमएस यांसाठीचे स्वतंत्र व्हाउचर अनिवार्य झाले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. घरात वायफाय असलेल्यांना, तसेच बटणांचा साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना डेटाचे पैसे भरण्याचे कारण उरले नाही. ही व्हाउचर जाहिरातींत क्वचितच दिसतात, ती शोधावी लागतात.

दर न पटल्यास क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. ही सुविधा २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली आणि जुलै २०१५ पासून एका दूरसंचार मंडळातून दुसऱ्यात जाणाऱ्यांनाही मिळाली. त्यामुळे पुण्याहून बंगळुरू अथवा इंदूरला बदली झालेल्या कुटुंबाला जुना क्रमांक टिकवून तेथील स्वस्त योजना निवडता येते. त्यासाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द व दहा अंकी क्रमांक लिहून १९०० वर एसएमएस पाठवावा लागतो. उत्तरादाखल येणारा संकेतांक बहुतेक राज्यांत चार दिवस वैध असतो. आधीच्या कंपनीकडे किमान ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि पोस्टपेड ग्राहकाने बिल भरलेले असावे. प्रीपेडची शिल्लक रक्कम व मुदत नव्या कंपनीकडे वर्ग होत नाही. म्हणून चालू योजनेचे मोजके दिवस उरले असतानाच संकेतांक मागविणे लाभाचे ठरते.