परमुलुखातील पहिले अजिंक्यपद

बॅडमिंटनचा जन्म पुण्यात झाला असे पुणेकर अभिमानाने सांगतात, आणि त्या सांगण्यात सत्याचा अंश पुष्कळ असला तरी सर्व सत्य त्यात सामावलेले नाही. पिसे खोवलेले बूच फळीने टोलवीत राहण्याची करमणूक युरोपात आणि आशिया खंडातील अनेक देशांत शतकानुशतके रूढ होती; परंतु तिला जाळी, सीमारेषा आणि गुणांची मोजदाद यांची शिस्त लावून नियम कागदावर उतरविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या लष्कर भागातील इंग्रज अंमलदारांनी केला, आणि म्हणूनच काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. पुढे तो विलायतेस गेला, ग्लॉस्टरशायर परगण्यातील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या बॅडमिंटन नामक प्रासादाचे नाव त्यास मिळाले, १८९३ साली त्याची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि १८९९ पासून ऑल इंग्लंड स्पर्धा भरू लागली.

छावणीतील साहेबांच्या जिमखान्यांतून हा खेळ आपल्या मध्यमवर्गाच्या हाती यावयास बराच काळ जावा लागला. अखिल भारतीय संघटना १९३४ साली अस्तित्वात आली, आणि त्यानंतरच्या दशकात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या कन्या सुंदर, तारा आणि सुमन यांनी राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. क्रिकेटमध्ये महाराष्ट्राचे नेतृत्व करणाऱ्या पित्याने मुलींच्या हाती रॅकेट द्यावी आणि त्या काळच्या पुण्यात मुलींनी ती समर्थपणे चालवावी, ही घटना स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नंदू नाटेकर हा आहे. कारण त्यांच्या १९५६ सालच्या विजयाची नोंद आपण ‘पहिला भारतीय’ एवढ्या दोन शब्दांत उरकून टाकतो, आणि तो विजय किती मोलाचा होता याचा विचार क्वचितच करतो.

नंदकुमार नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजी सांगलीस झाला. पटवर्धन संस्थानिकांची ही राजधानी मराठी रंगभूमीची जन्मभूमी म्हणून प्रसिद्ध आहेच, परंतु विजय हजारे यांच्यासारखा फलंदाजही याच गावात जन्मला, हे येथे सांगितले पाहिजे. नाटेकरांचे पुढील शिक्षण मुंबईत माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात झाले. आरंभी त्यांचा ओढा टेनिसकडे होता आणि त्यांनी कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजलही मारली. परंतु तेथे समोर रामनाथन कृष्णन् उभा होता. त्या पराभवानंतर नाटेकरांनी टेनिस सोडले आणि १९५३ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, बॅडमिंटनचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. कृष्णन् यांनी पुढे विंबल्डनची उपांत्य फेरी दोनदा गाठली. १९६१ साली केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत टेनिससाठी कृष्णन् आणि बॅडमिंटनसाठी नाटेकर अशी दोन्ही नावे होती. पित्याने सोडलेला टेनिसचा वारसा पुढे पुत्र गौरव याने हाती घेतला आणि सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, हेही ओघाने आलेच.

नाटेकरांचा खेळ शक्तीचा नव्हता, मनगटाचा होता. त्या काळची रॅकेट लाकडी असे, तिची जाळी तातीची असे, आणि दमट हवेने तिची चौकट वाकू नये म्हणून खेळ संपताच ती लाकडी साच्यात आवळून ठेवावी लागे. अशा जड साधनाने आजच्यासारखा अखंड प्रहारांचा खेळ करणे दुष्कर होते. शिवाय सर्व्हिस ज्याच्या हाती त्यालाच गुण मिळण्याचा रिवाज असल्याने पंधरा गुणांचा एक गेम कितीही लांबू शकत असे, आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्यास दमविण्याइतकेच त्याला फसविण्याचेही महत्त्व होते. या फसविण्याच्या कलेत नाटेकरांची बरोबरी करणारे खेळाडू थोडे होते. रॅकेट उचलली की फटका जोराचा येणार अशी समोरच्याची खात्री व्हावी, त्याने मागे पाऊल घ्यावे, आणि अगदी अखेरच्या क्षणी मनगट किंचित वळून शटल जाळीलगत अलगद उतरावे, ही त्यांची हातोटी होती. डाव्या बाजूस आलेले शटल परतविताना बहुतेक खेळाडू केवळ बचाव करीत. नाटेकरांचा बॅकहँड हेच त्यांचे आक्रमणाचे शस्त्र होते. सौंदर्य आणि परिणाम यांचा असा मेळ खेळाच्या मैदानावर वारंवार पाहावयास मिळत नाही, म्हणूनच समकालीनांनी त्यांच्या गुणांपेक्षा त्यांच्या शैलीचे स्मरण अधिक ठेवले, आणि माझ्या मते ते योग्यच केले.

त्यांच्या आधी भारताचा एक खेळाडू जगाच्या शिखरापर्यंत जाऊन पोहोचला होता. १९४७ साली लाहोरचे प्रकाश नाथ ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळले. परंतु सामन्याच्या दिवशीच वर्तमानपत्रात आपले शहर दंगलीत जळत असल्याचे वाचून त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही आणि स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून ते हरले, असे सांगतात. फाळणीने या देशाचे काय काय हिरावून नेले याची यादी करताना कोणी बॅडमिंटनचा उल्लेख करीत नाही, पण तो करावयास हवा.

१९५४ साली नाटेकरांनी ऑल इंग्लंड स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि दोन वर्षांनी, १९५६ साली, क्वालालंपूर येथे सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचे अजिंक्यपद पटकाविले. परमुलुखात भारतीय खेळाडूने मिळविलेले हे पहिलेच बॅडमिंटन अजिंक्यपद मानले जाते. आता तो मुलूख कोणता होता हे पाहावे. मलाया तेव्हा अद्याप इंग्रजांच्या अंमलाखाली होता, परंतु या खेळात त्याचे साम्राज्य निर्विवाद होते. सांघिक अजिंक्यपदासाठी १९४८-४९ पासून सुरू झालेला थॉमस करंडक पहिल्या तिन्ही वेळा, १९४९, १९५२ आणि १९५५ साली, मलायानेच नेला होता. १९५० पासून ऑल इंग्लंडचे एकेरीचे अजिंक्यपद वाँग पेंग सून आणि एडी चूंग या दोन मलायी खेळाडूंनी जणू आपसांत वाटून घेतले होते. जेथे गल्लीबोळांत हा खेळ खेळला जाई आणि सामान्य प्रेक्षकही त्यातील खाचाखोचा ओळखी, तेथे जाऊन जिंकणे म्हणजे मल्लाने परक्या आखाड्यात, त्याच आखाड्याच्या वस्तादांसमोर कुस्ती मारण्यासारखे होते. एखाद्या कमी मातब्बर स्पर्धेत मिळालेले यश आणि हे यश एका पंक्तीस बसविता येणार नाही.

थॉमस करंडकातील त्यांची कामगिरीही तितकीच भक्कम आहे. १९५१ ते १९६३ या काळात त्यांनी भारतासाठी एकेरीचे १६ सामने खेळून १२ जिंकले आणि दुहेरीच्या १६ पैकी ८ जिंकले. संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. तेव्हा एका लढतीत नऊ सामने असत, आणि १९५२ साली भारत डेन्मार्कला नमवून पुढे गेला खरा, परंतु अमेरिकेपुढे ४-५ असा, म्हणजे केवळ एका सामन्याच्या फरकाने हरला. त्या एका सामन्याची रुखरुख पुढे कित्येक वर्षे राहिली. देशात मात्र नाटेकरांचा दबदबा दीर्घकाळ टिकला: एकेरीत सहा, दुहेरीत सहा आणि मिश्र दुहेरीत पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी मिळविली, आणि एकेरीचे अखेरचे १९६५ साली, म्हणजे पहिल्यानंतर एका तपाने. त्याच वर्षी दिनेश खन्ना यांनी लखनौ येथे आशियाई अजिंक्यपद जिंकले, आणि पुढील वर्षी जमैकातील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत नाटेकर तेहेतिसाव्या वर्षी भारताकडून उतरले.

२८ जुलै २०२१ रोजी पुण्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९५२ साली हुकलेला थॉमस करंडक त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, मे २०२२ मध्ये, भारताने बँकॉक येथे इंडोनेशियाला ३-० असे हरवून प्रथमच जिंकला. लक्ष्य सेनने पहिली एकेरी, सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांनी दुहेरी, आणि किदांबी श्रीकांतने दुसरी एकेरी जिंकल्यामुळे उरलेले दोन सामने खेळविण्याचे कारणच पडले नाही.